मुका ब्लॉक

ज्येष्ठात दिनू मेला. शर्यतीत, धावपट्टीवर त्याच्या गाडीचं इंजिन फुटलं, तेल पेटलं आणि गाडी उलटली. दिनू माझा भाऊ. इंजिनाचा ब्लॉक नानांनी निवडला होता. नाना आमचे वडील.

वैशाख लागला की असोद्याच्या शिवारात वारा अंगावर धावून येतो. बागांच्या कडेने बांधलेली हिरवी जाळी तो फाडतो, केळीची पानं उभी चिरतो, आणि चिरलेली पानं मग दिवसभर एकमेकांना मारत राहतात. मी धुळ्याला कॉलेजात मराठी शिकवते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते. पारोळा, एरंडोल मागे पडतं, कापसाच्या पेटवलेल्या पऱ्हाट्यांची काळी शेतं सरतात, जळगाव ओलांडलं की केळी सुरू होते, आणि तो फटफट आवाज ऐकू येऊ लागला की माझी पाठ ताठ होते. लोकांना उन्हाळ्यात आंबा आठवतो. मला लोखंड आठवतं.

दिनू गेला त्या उन्हाळ्यात मी लोखंड वाचायला शिकले. धुळ्याला महामार्गालगत गाड्या फोडण्याचं एक आवार आहे. दिनू शर्यतीची गाडी बांधत होता आणि त्याला ब्लॉक हवा होता. मला सुट्टी लागली होती, म्हणून तो मला सोबत घेऊन गेला. आवारात शिरताच घणांचे आवाज कानात घुसले. दारं उपटली जात होती, छपरं कापली जात होती, टाक्यांतून उरलेलं डिझेल मातीत सांडत होतं. एका गाडीची समोरची काच आतून फुटली होती. डोकं आदळलं तिथून जाळं पसरलं होतं आणि जाळ्याच्या मधोमध काही केस अडकले होते. दुसरीच्या सीटवर बांगडीचे तुकडे पडले होते. माणसं त्या सीटवर उभी राहून पान खात खात स्क्रू काढत होती. मी ओढणी नाकाला लावली, तेव्हा आवाराचे मालक बापू हसले.

"आठे बठ्ठं मरेलच येस, अक्का," ते म्हणाले, इथे सगळं मेलेलंच येतं. "जित्तं काय शे, ते तुम्हीच देखा."

ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. त्याच्या कुशीवर ओतीव अक्षरं असतात, साच्यातून आलेली, जरा फुगीर. तो कोणत्या घराण्यातला, हे त्यावरून कळतं. आणि एका घासून सपाट केलेल्या जागेवर नंबर ठोकलेला असतो, तो त्या एकट्या इंजिनाचा. अक्षरांवर काजळी, तेल आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. दिनूने माझ्या हातात रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश दिला.

"तू वाच अक्का. जुनी पोथी समज. मी पान उलटतो."

पान उलटणं म्हणजे तो जड ब्लॉक पहारीने दुसऱ्या कुशीवर पाडणं. मी घासत होते, अक्षरं वर येत होती, दिनू आनंदाने ओरडत होता. बऱ्याच ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने उडवलेला होता. मी बापूंना विचारलं, असं का.

"नंबर घसायेल व्हयी त चोरीना," बापू म्हणाले. "साबूत व्हयी त मरेलना. तुले कोन्ता जोयजे, भाऊ?"

"मेलेल्याचा द्या बापू, चोरीचा नको," दिनू म्हणाला. "पोलीस तरी घरी यायचे नाहीत."

आम्ही सगळे हसलो. शेवटी त्याने दोन ब्लॉक घेतले. एक एका अपघातातल्या गाडीचा, दुसरा नाशिककडून कुणाच्या तरी भंगारात आलेला. दोन्ही जुन्या जपानी बनावटीचे, दोन्हींवर तीच अक्षरं. मी स्वतः घासून वाचली होती. बाहेरून पाहिलं तर जुळे भाऊ.

दोन दोन कशाला, असं मी परतताना विचारलं. तेव्हा पिकअपच्या हौद्यात त्या दोन धडांच्या मधे बसून दिनूने मला टर्बो समजावला. इंजिनातून जोराने बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो. ते चक्र बाहेरची हवा दाबून परत इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, म्हणजे प्रत्येक स्फोट मोठा. गाडी पळते ती स्फोटांवर, आणि त्या स्फोटांभोवती जी भिंत असते ती ब्लॉकची. कंपनीने ती भिंत भाजी आणायला जाणाऱ्या गाडीसाठी ओतलेली असते. शर्यतवाला तिच्यावर कितीतरी पट मार टाकतो. म्हणून दोन घेऊन त्यातला ब्लॉक निवडावा लागतो. "बाकी सगळं बदलता येतं गं. धड चुकलं की संपलं," असं तो म्हणाला, आणि वाऱ्याने त्याच्या तोंडात धूळ गेली म्हणून थुंकला.

नाना या सगळ्याच्या विरोधात होते. असोद्याच्या रस्त्याला, घरालगतच त्यांची पत्र्याची शेड आहे, तिथे ते पंपाची इंजिनं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतात, इंजिनाची नळकांडी आतून खरवडतात, म्हणजे बोरिंग करतात. इंजिन पाणी उपसायला असतं, नांगरायला असतं. नुसतं पळायला असतं हे त्यांना मान्य नव्हतं. आधीच्या वर्षी भांडण इतकं वाढलं होतं की त्यांनी पान्हा फेकून दिनूच्या गाडीची समोरची काच फोडली. दिनू तसाच, बिनकाचेच्या गाडीत, डोळ्यांना वेल्डिंगचा चष्मा लावून पाचोऱ्यापर्यंत गेला आणि येताना म्हणाला, "नाना, हवा फार छान लागते, मागचीपण फोडा." नाना त्या दिवशी जेवले नाहीत. दोघं एकमेकांशी बोलायचे ते आईमार्फत. "त्याले सांग." "त्यांना सांग." आई मधे भिंतीसारखी उभी राहायची आणि दोन्हीकडचा मार खायची.

आणि तरीही त्या वैशाखात, पिकअपमधून दोन ब्लॉक उतरले तेव्हा, नाना शेडमधून बाहेर आले. ब्लॉकभोवती फिरले. वाकून पाहिलं. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "कप्पीले टांग."

केळीच्या या पट्ट्यात पंपाचा ब्लॉक कानाने निवडतात. साखळीच्या कप्पीला तो टांगायचा, जमिनीपासून सुटा करायचा, आणि लहान हातोडीने ठिकठिकाणी ठोकायचा. धड शाबूत असेल तर लोखंड वाजतं, वाजत राहतं. चीर असेल तर आवाज जागीच मरतो. लांबून लोक नानांना फक्त ऐकायला बोलवायचे. त्यांच्या कानाने उभ्या तालुक्याची विहिरींवरची इंजिनं निवडली होती.

अपघातातला ब्लॉक पहिल्यांदा टांगला. नानांनी हातोडी मारली आणि शेडचे पत्रे गुणगुणले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही.

"आयकलं? घंटा हाये, घंटा."

मग दुसरा टांगला. हातोडी पडली. ठप्प. जणू पोत्यावर मारली. नानांनी पुन्हा मारली, दुसऱ्या बाजूने मारली. ठप्प.

"मुका हाये."

दिनूने टॉर्च लावून ब्लॉकच्या आत पाहिलं. स्फोटाच्या नळकांड्यांभोवती पाणी खेळायला पोकळी असते. ती अर्ध्यापर्यंत कशाने तरी भरलेली होती, राखाडी, कठीण.

"नाना, हे मुद्दाम भरलंय," दिनू म्हणाला. "रेसवाले भरतात असं. भिंतीला मागून आधार मिळतो, मग ती हलत नाही. बहुतेक कुणीतरी रेससाठी बांधलेला असेल हा."

"कोन भरतं? चोर भरता. आखी जिंदगी हेच पाह्यलं मी. गयका ब्लॉक घ्यायचा, सिमेंट कोंबायचं, अन् शेतकऱ्याच्या गयात बांधायचा."

"मोबाइलवर दाखवू का? त्यात आहे सगळं."

"तुह्या मोबाइलले कान हायेत का?"

आम्ही हसलो. आई हसली, मी हसले, दिनूही हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला घण उचलला. साखळी सोडून ब्लॉक खाली पाडला, पाय फाकवून उभे राहिले आणि मारू लागले. ओतीव लोखंड वाकत नाही, ते फुटतं. पहिल्या घावांत काही झालं नाही, नुसत्या ठिणग्या उडाल्या. नानांचा सदरा पाठीला चिकटला, कपाळावरची शीर उभी राहिली. मग एक कड उडाली आणि शेडच्या पत्र्याला भोक पाडून गेली. मग कूस फुटली. नाना थांबले नाहीत. त्या घावांत माझ्या देखत बरंच काही फुटत होतं: बिनकाचेची गाडी, न खाल्लेलं जेवण, आईमार्फत पाठवलेले निरोप. शेवटी पोकळीतलं राखाडी ढेकूळ अखंड बाहेर पडलं, तेव्हा ते घणावर रेलून धापा टाकत म्हणाले, "पाह्य! निंघालं का नही सिमेंट?"

दिनूने ते ढेकूळ उचललं, उलटसुलट पाहिलं आणि खाली ठेवलं. त्याचा स्वतःचाही पुरता विश्वास नसावा. त्याने ते फक्त पाहिलं होतं, केलं नव्हतं. पण मला वाटतं तो त्या क्षणी ब्लॉककडे बघतच नव्हता. कितीतरी महिन्यांनी नाना त्याच्याशी थेट बोलत होते. त्याच्या गाडीसाठी घामाघूम झाले होते. तो म्हणाला, "बरं नाना. घंटा तर घंटा."

तिथून पुढचे दिवस मला नीट सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. बोरिंगच्या मशीनखाली पडणारा चकाकता कीस. नळकांड्यावर ओरखडे होते म्हणून नानांनी बोर एक पायरी मोठा केला, पंपाचा करतात तसा. पंपाच्या भिंती जाड असतात, कितीही वेळा खरवडा. बापलेकाच्या एकमेकांवर ओरडण्यातला नवा सूर. "डोये फुटले का तुहे, तो नट उलटा हाये." "तुम्हीच लावलाय नाना." "मंग तू पाह्यत काय होता?"

मग वादळ आलं. भर दुपारी आभाळ पिवळं झालं आणि पश्चिमेकडून वाऱ्याची भिंत चालत आली. घडांनी वाकलेल्या केळी मोडू लागल्या. केळ मोडते तेव्हा ओलं हाड मोडल्यासारखा आवाज होतो, आणि असे आवाज शिवारभर, एकामागून एक, बागांमागून बागा. शेडचा एक पत्रा उचकटून उडाला. इंजिन अर्धं उघडं होतं. नाना आणि दिनू, दोघांनी दुसरा पत्रा डोक्यावर धरला आणि इंजिनावर ओणवे उभे राहिले. वारा पत्रा ओढत होता, कडेने दोघांचे तळवे कापले जात होते, आणि नाना वाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या देत होते. दिनू खाली वाकून हसत होता. त्याच्या मनगटावरून उतरणारं रक्त त्याने इंजिनाला लागू दिलं नाही. वादळ गेल्यावर बागा अशा दिसत होत्या की कोणी त्यांतून रणगाडा फिरवला असावा. नानांनी त्या नंतर पाहिल्या. आधी इंजिन पुसलं.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा टर्बोचं लोखंड भर उन्हात लाल दिसलं. आवाज असा की शेजारच्या सुमनअक्कांची म्हैस दावं तोडून पळाली. अक्का काठी घेऊनच आल्या.

"अरे दिनू, माह्यी म्हैस आटली तं दूध काय तुह्या इंजिनातून काढू?"

"काढा ना अक्का, टर्बोचं दूध. फॅट जास्त लागेल."

अक्कांनी काठी खरोखर मारली. ती नानांना लागली. नाना डोळे मिटून इंजिन ऐकत होते.

शर्यतीच्या दिवशी धावपट्टीवरही ते असेच उभे होते, कुंपणाला टेकून, टोपी हातात घेऊन, डोळे मिटून. मी त्यांच्या बाजूला होते. आमच्या पलीकडे पाचोऱ्याचा सचिन होता, दिनूचा शर्यतीतला मित्र. दिनूची गाडी सुटली, मागचे टायर धुरात गेले, आणि मग ती बघता बघता ठिपक्याएवढी झाली. लोक ओरडत होते. नाना एकदम डोळे उघडून किंचाळले, "बंद कर! दिनू, बंद कर!" मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. कुणालाच नाही. नानांना कळलं, आणि ते कळून उपयोग नव्हता. दुसऱ्याच क्षणी बोनेटखालून आवाज झाला, आणि नंतर समजलं ते असं: नळकांड्याची भिंत उभी फाटली, पाणी आत गेलं, पिस्टन अडकला, त्याचा दांडा मोडून ब्लॉकची कूस फोडून बाहेर आला. तेल लालभडक टर्बोवर पडलं. गाडी पेटली, आडवी झाली, उलटली, पुन्हा उलटली.

नाना काटेरी तारेवरून गेले. तारेने त्यांची मांडी फाडली, ते तसेच धावले. सचिनने दार ओढलं, दार निघालं नाही. त्याच्या तळहातांची कातडी दाराला राहिली. पुढचं मी लिहिणार नाही. मी पाहिलं आहे, आणि माझ्या एकटीने पाहिलेलं पुरे आहे.

आईने घरी शेडचा पत्रा बडवला. तोंडातून शब्द नाही, नुसता पत्रा, दोन्ही हातांनी, कातडी सुटेपर्यंत. सुमनअक्कांनी तिला मागून मिठी मारून ओढलं तर तिने अक्कांना चावा घेतला. पुस्तकांतून मी शोकाबद्दल पुष्कळ वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. त्यात शोक बसून असायचा, खिडकीबाहेर बघायचा. आमच्या घरात तो उभा होता आणि मारत होता.

फुटलेला ब्लॉक सचिनने आणून दिला. नानांनी तो रॉकेलने धुतला. कुशीला मूठ जाईल एवढं भोक, आत उभी चीर. ते त्यात बोट घालायचे, चिरेवरून फिरवायचे, आणि म्हणायचे, "आवाज तं खणखणीत होता. मंग फुटला कसा?" त्या वर्षी म्हणाले. पुढच्या आखाजीला म्हणाले. बोरिंगला आलेल्या माणसांना विचारायचे, ट्रॅक्टरवाल्यांना विचारायचे, जेवता जेवता मला विचारायचे, जणू माझ्या एखाद्या पुस्तकात ते असेल. फक्त सचिनच्या भाजलेल्या तळव्यांसमोर हा विषय काढायचे नाहीत. त्यांना दुसरं काही नको होतं. आपला कान चुकला की लोखंडानेच दगा दिला, एवढंच हवं होतं. मला खात्रीने ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर सांगितलं असतं का, हेही मला ठाऊक नाही.

यंदा आखाजीला आईने नेहमीप्रमाणे नवी घागर भरली. आमच्याकडे या दिवशी गेलेल्या माणसांना पाणी देतात. घागरीच्या तोंडावर खरबूज, बाजूला आंबा, सांजोऱ्या. पूर्वजांच्या ओळीत आईने दिनूचं नाव घेतलं आणि तिचा आवाज हलला नाही, यालाच आता आम्ही बरं चाललंय म्हणतो. दुपारी सचिन आला. दरवर्षी तो घागरीला नमस्कार करायला येतो. धुळ्याहून परस्पर आला होता, पिकअपमधे एक ब्लॉक होता. तेच घराणं, तीच अक्षरं. मी लांबून ओळखली.

जेवण झाल्यावर नाना पिकअपपाशी गेले. सवयीने गेले. हौद्यात पडलेला पान्हा उचलून त्यांनी ब्लॉकवर मारला. ठप्प.

"सचिन, फसवलं तुले कोन्ही तरी," नाना म्हणाले. "सिमेंट भरलं हाये यात."

"फसवलं नाही नाना. मीच भरलंय."

"काहून?"

"भिंतीला आधार हवा ना. टर्बो लावला की रिकाम्या ब्लॉकच्या भिंती हलतात, मग फाटतात. अर्ध्यापर्यंत भरलं की टिकतात. रेसवाले पुष्कळ जण भरतात." सचिन हात पुसत होता, त्याला घाई होती, तो सहज बोलत होता. "मला तर दिनूनेच सांगितलं होतं हे."

पान्हा नानांनी जागेवर ठेवला, नीट, आवाज न करता. मग शेडमधे गेले, मागच्या कोपऱ्यातला गोणपाट ओढला, फुटलेला ब्लॉक साखळीने ओढत उन्हात आणला. घण घेतला.

नाना आता थकले आहेत. पहिला घाव लागलाच नाही, घण घसरून त्यांच्या पायाजवळ पडला. सचिन धरायला धावला तर आईने त्याचा दंड पकडला. "फोडू दे त्याइले," ती म्हणाली. मग नाना मारत राहिले. तो ब्लॉक प्रत्येक घावाला वाजत होता, फुटलेला असूनही वाजत होता, आणि वाजला की ते आणखी जोराने मारत होते. लोखंडाची एक खपली उडून त्यांच्या गालात घुसली. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. रस्त्यावरून आखाजीला माहेरी चाललेल्या पोरींनी भरलेली एक रिक्षा थांबली, पोरी बघत राहिल्या, रिक्षा गेली. शेवटी नानांनी खरवडून मोठं केलेलं नळकांडं सुटं होऊन लोळत आलं. नाना खाली बसले. त्यांनी फाटलेली पातळ भिंत दोन बोटांच्या चिमटीत धरली.

"पातय हाये," ते म्हणाले. "किती पातय हाये पाह्य."

मी त्यांच्या बाजूला बसले. गालातली खपली काढावी म्हणून हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"त्यानं सांगितलं होतं मले," नाना म्हणाले. "तू होती ना तठी?"

"होते नाना."

"हासलो का आपन?"

"तुम्ही नाही हसलात. आम्ही हसलो."

त्यांनी चिमटीतला तुकडा सदऱ्याला पुसून खाली ठेवला. मग त्यांनी सचिनला हाक मारली आणि विचारलं, ते कसं भरतात. सचिन भांबावला, माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. तो उकिडवा बसला आणि सांगू लागला: पोकळी आधी कशी धुवायची, किती पातळ कालवायचं, कुठपर्यंत ओतायचं, वर पाण्याला वाट किती सोडायची. नाना मधे मधे विचारत होते. "सुकायले किती दिस देता?" "बोर त्याच्या आधी करता का नंतर?" गालावरचं रक्त वाळलं होतं. दिनू जे सांगणार होता ते नाना ऐकत होते.

तुकडे आईने झाडून गोळा केले आणि भंगारात दिले. शेड सुरू आहे. नाना पंपाची आणि ट्रॅक्टरची कामं घेतात, मोटारीचं इंजिन आलं तर परत पाठवतात. सचिन अजून शर्यतीत पळतो. घरी आई आणि नाना असतात, मी सुट्टीत जाते. फुटला कसा, हे आता कोणी विचारत नाही.